चौकटीचा पीळ आणि चाकांवरचे घर : युनिमॉग ४०४

युद्धानंतरच्या जर्मनीतील शेतीसाठी आल्बर्ट फ्रीडरिश या अभियंत्याने आखलेल्या ‘युनिमॉग’ या वाहनाच्या पहिल्या आराखड्यात डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर बटाट्याच्या दोन सरींना जुळेल असे, म्हणजे १.२७ मीटर, ठेवलेले होते. १९५१ मध्ये डाइम्लर-बेंझने गागेनाऊ येथे त्याचे उत्पादन हाती घेतले आणि १९५५ पासून मुख्यतः सैन्यासाठी ४०४ ही वेगळी मालिका सुरू केली. १९८० पर्यंत या मालिकेचे सुमारे ६४,००० ट्रक तयार झाले. सैन्य ते मोडीत काढू लागल्यावर युरोपातील हौशी प्रवाशांनी ते विकत घेतले आणि त्यांच्या पाठीवर राहण्याजोगी छोटी घरे उभारली.

या ट्रकची खासियत त्याच्या पोर्टल अ‍ॅक्सलमध्ये आहे. या रचनेत अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यरेषेच्या वर बसतो आणि त्याच्या टोकाशी असलेल्या गिअरमधून शक्ती खाली चाकात उतरते, त्यामुळे डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून सुमारे ४० सेंटिमीटर उंच राहतो आणि दगड त्याला सहसा लागत नाही. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलना लॉक आहेत, आणि चारही चाके लांब कॉइल स्प्रिंगांवर झुलतात.

त्याहून महत्त्वाची, आणि रूपांतर करणाऱ्यांनी सर्वाधिक दुर्लक्षिलेली, गोष्ट म्हणजे चॅसिसची चौकट मुद्दामच पीळ खाणारी आहे. एक चाक खडकावर चढले आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातले चाक खड्ड्यात उतरले की ही चौकट पिळते आणि चारही चाके जमिनीला टेकून राहतात. अशा चौकटीवर घराचा ताठर डबा चारही कोपऱ्यांत बोल्टने आवळला, तर तो पीळ डब्यातच शिरतो: दरवाजा आधी अडकू लागतो, मग कोपऱ्यांचे सांधे फाटतात. म्हणून डब्याखाली वेगळी उपचौकट घालून ती तीन बिंदूंवर बसवतात, एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला मध्यभागी फिरणारी एकच खीळ, जिच्याभोवती खालची चौकट पिळली तरी वरचा डबा सरळच राहतो. फर्निचर, गॅसची शेगडी, झोपण्याचे फळकूट यांवर हवा तेवढा खर्च करावा, पण या तीन बिंदूंवर काटकसर झाली तर बाकीचा खर्च पाण्यात जातो. सैन्यासाठी बनलेले रेडिओ-डबे याच गाडीवर बसवण्यासाठी आखलेले असल्याने रूपांतराचा तो सर्वांत शहाणपणाचा पाया ठरतो.

मूळचे २.२ लिटरचे सहा सिलिंडरचे पेट्रोल इंजिन मात्र फार इंधन पिते, आणि अनेकजण त्या जागी डिझेल इंजिन घालतात. वजनाचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण युरोपात सामान्य मोटारीचा ‘बी’ परवाना ३.५ टनांच्या एकूण मर्यादेपर्यंतच चालतो आणि पाण्याच्या टाकीसह सजवलेला ४०४ ती सहज ओलांडतो. शिवाय जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या वाहनांना मिळणारी ‘एच’ नंबरप्लेट हवी असेल, तर फेरबदल त्या काळाला साजेसे असावे लागतात.