मज्जारज्जूचा आघात : चूक दुसऱ्याची, कर्तव्य आपले

भरधाव वाहनाची धडक असो वा बांधकामावरील कठडा नसलेला मजला, हलगर्जीपणा दुसऱ्याचा असतो आणि मज्जारज्जू निरपराध्याचा दुखावतो. सुश्रुताचार्यांच्या 107 मर्मांपैकी 14 पृष्ठाश्रित आहेत, तर मानेतील कृकाटिका हे वैकल्यकर मर्म होय. हे जाणणाऱ्या आपण वैद्यांनी असा रुग्ण आल्यास काय करू नये, हे प्रथम आठवावे.

अपघातानंतर मान वा पाठीत वेदना, हातापायांत बधिरता, दुर्बलता वा मूत्रावरोध आढळल्यास अभ्यंग, मर्दन कटाक्षाने टाळावे. रुग्णास उठवू वा बसवू नये. मान व कणा एका रेषेत धरून अनेकांनी मिळून त्यास फळीवर घ्यावे व सुसज्ज रुग्णालयात पाठवावे. आपल्या उपचारांचे स्थान पुढील पुनर्वसनात, शल्यतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. तेव्हाही बधिर त्वचा स्वेदनाने भाजू शकते, याचे भान असावे.

दुसरे कर्तव्य लेखणीचे. रस्ता अपघातातील जखमीस मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 166 अन्वये न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. केवळ अपंगत्वाची टक्केवारी नव्हे, तर कमाईच्या क्षमतेवरील परिणाम पाहावा, असे सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार प्रकरणात 2010 साली स्पष्ट केले. म्हणून तारीख, वेळ, रुग्णाने सांगितलेली हकिकत, लक्षणे व त्याचा व्यवसाय केसपेपरवर तत्क्षणी नोंदवावा असे आम्ही सुचवितो. औषधी विक्रेत्यांनीही प्रत्येक तेल-काढ्याचे बिल रुग्णाच्या नावाने, तारखेसह द्यावे. आपल्याला क्षुल्लक वाटणाऱ्या त्या कागदावर एखाद्या घरची चूल अवलंबून असते.