घड्याळ चारशेचे, दुरुस्ती सहाशेची!

वडिलांचे चावीचे घड्याळ घेऊन आपण घड्याळजीकडे जातो. तो डोळ्याला भिंग लावतो, मागचे झाकण उघडतो आणि म्हणतो, "सहाशे रुपये पडतील." आपण चमकतो. बाजारात या घड्याळाचे चारशेही कुणी देणार नाही! पण ते उघडू शकणारा सबंध पेठेत हा एकच माणूस उरलेला असतो. थोडी घासाघीस करून आपण घड्याळ त्याच्या हाती देतो.

जुन्या संगणकाच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. कळफलक, पडदा, प्रिंटर यांचा मेळ घालून यंत्राला कामाला लावणारी जी मूळ प्रणाली, ती ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोजचे नाव घरोघरी ठाऊक आहे. पण मोजक्याच लोकांच्या जिवाभावाच्या अशा काही छोट्या प्रणालीही आहेत. त्यांचे न्याय्य मोल कसे ठरवायचे?

ओएस-टूचे उदाहरण घेऊ. आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून 1987 मध्ये ती आणली. पुढे दोघांचे बिनसले, विंडोजने बाजार जिंकला आणि 2006 च्या अखेरीस आयबीएमने ओएस-टूचा नेहमीचा पाठिंबा थांबवला. पण तोवर बँकांच्या एटीएमपासून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या मेट्रोकार्डापर्यंत ती रुजली होती. अशी कामे एका रात्रीत दुसरीकडे हलवता येत नाहीत. तेव्हा आर्का नोए या छोट्या अमेरिकी कंपनीने आयबीएमचा परवाना घेतला आणि 2017 मध्ये 'आर्काओएस' या नावाने तीच प्रणाली पुन्हा बाजारात आणली. किंमत होती घरगुती वापरासाठी 129 डॉलर आणि व्यवसायासाठी 229. त्या वेळच्या दराने घरगुती प्रतीचेच आठ हजार रुपयांहून अधिक झाले. ज्या संगणकावर ती घालायची, त्याचे भंगारवाला तेवढे देईल का?

मग ही लूट म्हणायची? हिशेब मांडून पाहू. पुस्तकाची जुळणी आणि मुद्रितशोधन यांचा खर्च तीनशे प्रती काढल्या तरी तेवढाच आणि तीस हजार काढल्या तरी तेवढाच. छोट्या आवृत्तीचे पुस्तक महाग पडते ते यामुळेच. विंडोज 10 चा आधार ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, तेव्हा मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना एका वर्षाची मुदतवाढ 30 डॉलरला देऊ केली, काही अटींवर मोफतही. कोट्यवधी गिऱ्हाइके असणाऱ्याला ते परवडते. मूठभर गिऱ्हाइकांसाठी नव्या यूएसबीचे आणि नेटवर्कचे ड्रायव्हर लिहीत बसणाऱ्याला ते कसे परवडावे?

कुणी म्हणेल, फुकट प्रणाली आहेतच की! आहेत, आणि त्या गुणी आहेत. मायक्रोसॉफ्ट डॉस बंद करणार हे दिसताच जिम हॉल या अमेरिकेतल्या विद्यार्थ्याने 1994 मध्ये फ्रीडॉसचा घाट घातला. ती आजही मोफत मिळते. पण तिथे लोक आपला वेळ दान करतात. दात्याला तगादा लावता येत नाही. अमुक तारखेला अमुक दुरुस्ती हवीच, असे म्हणायचे तर पैसे मोजावे लागतात.

मात्र पैसे घेणाऱ्यानेही काही पथ्ये पाळली पाहिजेत. घर आणि व्यवसाय यांचे दर वेगळे असावेत. कोणत्या यंत्रावर प्रणाली चालते आणि कोणत्या नाही, हे पैसे घेण्याआधी सांगावे. सुधारणा किती काळ मिळतील, याची मुदत लेखी असावी. आर्काओएसच्या घरगुती प्रतीबरोबर सहा महिन्यांचा आणि व्यावसायिक प्रतीबरोबर वर्षाचा आधार देण्यात आला. मुदत थोडी आहे, पण स्पष्ट आहे. संगणक बदलला तर विकत घेतलेली प्रत बाद होऊ नये. आणि गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाता येत नाही म्हणून भाव चढवणे, याला व्यापार नव्हे, अडवणूक म्हणतात.

आपल्याकडेही अनेक छापखान्यांतून जुने संगणक जपले गेले. जुन्या मराठी फाँटमधल्या फायली नव्या यंत्रावर उघडल्या की अक्षरांचा नुसता गोंधळ होतो! तिथे जपायचा असतो तो डबा नव्हे, त्यातला वीस-वीस वर्षांचा मजकूर.

तेव्हा किंमत तोलायची ती पेटीच्या भंगारभावाशी नव्हे, तर पेटीत अडकलेल्या कामाशी आणि ते काम चालू ठेवणाऱ्याच्या श्रमाशी. घड्याळजीने दुकान बंद केले, तर खिशात सहाशे रुपये असूनही घड्याळ बंदच राहणार आहे.