रिकामे बॅरल रिकामे नसते



हल्ली गोठ्याशेजारच्या शेडात वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, व्हाइस दिसतो. कोळपी, सरीचे मार्कर घरीच तयार होतात. गोष्ट कौतुकाची आहे.

गेल्या लागणीच्या वेळी एका सभासदाच्या शेडावर गेलो. बेणेप्रक्रियेला टाकी करावयाची म्हणून त्यांचा मुलगा डिझेलचे २०० लिटरचे बॅरल आडवे टाकून ग्राइंडर लावणार, एवढ्यात मी ओरडलो. तो म्हणाला, "सायेब, रिकामंच हाय की!"

बाबांनो, घात होतो तो इथेच. डिझेल ओतून काढले तरी पत्र्याला थर चिकटलेला असतो. पत्रा तापला की त्याची वाफ होते आणि एका ठिणगीने बॅरलचा बॉम्ब होतो. नुसते विसळून भागत नाही. तणनाशक, कीटकनाशकाचे बॅरलही नकोच.

आम्ही काळा पत्रा आणून ३ फूट लांब, २ फूट रुंद, दीड फूट खोल टाकी केली. तीत १०० लिटर पाणी, १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर, सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू कालवून बेणे ३० मिनिटे बुडविले.

लागण चार दिवस लांबली, पण ऊस उत्तम उगवला. पोरगाही धडधाकट आहे. चार दिवसांचा हिशेब त्यापुढे काय मांडायचा?

आपला,
ऊसविकास अधिकारी