अंगणातील रान

परभणी जिल्ह्यात नवे घर उभे राहिले की भोवतालची मोकळी जागा प्रथम साफ करण्यात येते. विटांचे तुकडे, तण आणि रुईची झुडपे एकाच टोपलीतून बाहेर जातात. मग मुरूम पसरला जातो किंवा फरशी बसते आणि हौस असल्यास चार कुंड्यांतून क्रोटन येतो. जागा नीटनेटकी दिसते. तेथे पाखरू मात्र क्वचितच रमते.

याचे कारण पाखरांच्या आहारात आहे. चिमणी स्वतः दाणे टिपणारी असली, तरी पिल्लांना पहिल्या काही दिवसांत ती प्रामुख्याने अळ्या व किडेच भरविते. अमेरिकेतील कीटकशास्त्राचे प्राध्यापक डग्लस टॅलामी यांनी दाखवून दिले आहे की, चिमणीहूनही लहान असलेल्या तेथील चिकडी या पक्ष्याला एका वेळची पिल्ले वाढविण्यासाठी सहा ते नऊ हजार अळ्या लागतात. आणि अळी कोणत्याही पाल्यावर पोसत नाही. बिबळ्या कडवा हे नारिंगी फुलपाखरू अंडी घालण्यासाठी रुई व तिच्या कुळातील झाडेच शोधते. लिंबाळीला लिंबू, बेल किंवा कढीपत्ता लागतो. बहावा व तरवड यांवर फिकट पिवळ्या फुलपाखरांची वीण होते. क्रोटन मूळचा मलाया व पॅसिफिक बेटांकडचा. त्याच्या रंगीत पानांचा येथील कीटकांना फारसा उपयोग नाही. म्हणून पानांना पडलेली भोके हा अशा बागेत दोष न मानता तिच्या यशाची खूण मानावी लागते. कीटकनाशकाचा पंप हाती घेणाऱ्याने ही बाग करूच नये.

बांधावरच्या बोरी-बाभळी जसजशा कमी होत गेल्या, तसतसे घराभोवतीच्या अशा लहान जागांचे मोल वाढत गेले आहे.

ठाण्याजवळ ओवळे येथे राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या घरच्या जमिनीत अळ्यांची व मधाची झाडे लावून उभी केलेली फुलपाखरांची बाग सर्वपरिचित आहे. तिची पद्धत अनुकरणीय आहे, झाडांची यादी मात्र नव्हे. ठाण्याकडे जितका पाऊस पडतो, त्याच्या निम्माही परभणीस पडत नाही. शिवाय येथील माती निराळी.

काळ्या मातीचा स्वभाव

गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील ही भारी काळी जमीन पावसाळ्यात फुगते व पाणी धरून ठेवते, तर उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. नवे रोप श्रावणात मुळे कुजून मरते किंवा वैशाखात मुळे तुटून मरते. खोल खड्डा करून त्यात रोप लावणे हा सर्वसाधारण उपाय येथे घातक ठरतो, कारण तो खड्डा पावसात हौदासारखा भरतो. त्याऐवजी मे महिन्यात जागा खणून, मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळून वीतभर उंचीचा वरंबा करावा आणि मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर त्यावर रोप लावावे. पाऊस ओसरताच बुडाशी सोयाबीनचे भुसकट किंवा तुराट्यांचे तुकडे यांचे जाड आच्छादन द्यावे. पऱ्हाट्या वापरू नयेत. त्यांवरील बोंडांतून गुलाबी बोंडअळी टिकून राहते. पहिले दोन उन्हाळे न्हाणीचे पाणी पुरेसे होते. धुण्याच्या सोड्याचे पाणी मात्र टाळावे, कारण सोडियममुळे काळी माती अधिकच घट्ट होते.

घराच्या पायाचाही विचार आवश्यक आहे. मोठ्या झाडांची मुळे ओल शोषतात, माती आकसते व भिंतींना तडे जातात. वड, पिंपळ व उंबर यांची जागा गावठाणाच्या कडेला किंवा शाळेच्या मैदानाच्या टोकाला, घराजवळ नव्हे. तीस बाय चाळीस फुटांच्या जागेत घर वजा जाता आपटा किंवा बोर असे एखादेच झाड मावेल. कुंपणालगत अडुळसा, निरगुडी, तरवड व मेंदी लावावी. तरवडाचे बी जूनमध्ये जागेवरच टाकता येते. रुई लावावी लागत नाही, ती उपटली नाही म्हणजे झाले. एका कडेला मारवेल व पवन्या हे गवत दाणे धरीपर्यंत उभे ठेवले, तर मुनियांना चारा व घरट्यांना काड्या मिळतात. गाजरगवत मात्र फुलावर येण्यापूर्वीच हातमोजे घालून उपटावे.

या योजनेवर ग्रामसभेत पहिला आक्षेप येईल तो सापांचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. साप उंदरांच्या मागे येतात व अडगळीत राहतात. त्यामुळे सरपण, दगड-विटांचे ढीग व धान्याची सांडलवंड घराजवळ नसावी. दारापासून दहा-बारा फुटांची जागा व पायवाट मोकळी ठेवावी आणि रात्री विजेरीशिवाय तिकडे जाऊ नये. दुसरा आक्षेप डासांचा. पाखरांसाठी ठेवलेले पाण्याचे परळ रोज घासून भरले, तर डेंग्यूच्या डासाची वाढ त्यात होऊ शकत नाही, कारण अंड्यापासून डास होण्यास साधारणतः आठवडा लागतो.

जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची असून लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे हे तिचे काम आहे. शिक्षकांना या कामी मोठे साहाय्य करता येईल. शाळेच्या आवारात अशी एक पट्टी राखून कोणत्या झाडावर कोणती अळी दिसली, शिंपी पक्ष्याने कोणत्या महिन्यात पाने शिवली, याची तारीखवार नोंद विद्यार्थ्यांकडून ठेवविल्यास ती समितीकडे देता येते. जूनपासून पहिल्या दिवाळीपर्यंत वहीत रुईवरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या अळीखेरीज फारसे काही लिहिले जाणार नाही. पक्ष्यांची पाने त्यानंतर भरू लागतात.