क्लस्टर डोकेदुखी व पूरक द्रव्ये

एकाच डोळ्यामागे उठणारी, पाव तासापासून तीन तासांपर्यंत छळणारी आणि पुष्कळदा ठराविक वेळीच परतणारी ‘क्लस्टर’ डोकेदुखी मनुष्यास हतबल करते. साहजिकच पूरक द्रव्यांकडे रुग्णांचा ओढा असतो. १९९६ साली इटलीत वीस रुग्णांवर एक प्रयोग झाला. रोज सायंकाळी १० मिलिग्रॅम मेलाटोनिन घेणाऱ्या दहांपैकी पाचांना गुण आला. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांपैकी एकासही आला नाही. फळ आशादायक खरे. परंतु दहाजणांच्या अनुभवावर सर्व भिस्त ठेवणे इष्ट नव्हे. ड जीवनसत्त्वाचे अतिसेवन तर रक्तातील कॅल्शियम वाढवून मूत्रपिंडास अपाय करते. यास्तव पूरक द्रव्य डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि त्यांनी दिलेले व्हेरापामिल आपल्या मनाने सोडू नये. ते चालू असता हृदयाचा आलेख वेळोवेळी काढवावा.