सिंह, बर्फ आणि लवंगा : एका सहलीची आखणी

“सुट्टीत कुठं जायला आवडेल?” असं वर्गात नुसतं विचारायचा अवकाश, तीन गट पडले. एका गटाला सिंह बघायचे होते, दुसऱ्याला बर्फ हवं होतं आणि तिसऱ्याला समुद्रात डुंबायचं होतं. भांडण मिटवायला मी जगाचा नकाशा भिंतीवर टांगला आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर बोट ठेवलं. टांझानिया! तिथं हे तिन्ही आहे.

हा देश आपल्या महाराष्ट्राच्या साधारण तिप्पट. 1964 साली टांगानिका आणि झांझिबार एक झाले आणि दोघांच्या नावांतून ‘टांझानिया’ हे नाव तयार झालं.

मुलांनो, ही सहल स्वस्त नाही. विमान, जीप, उद्यानांची फी असा मोठाच खर्च असतो. पण आखणीला पैसे पडत नाहीत! त्यासाठी फक्त दिनदर्शिका, नकाशा आणि पट्टी लागते. चला तर, बसू या.

आधी दिनदर्शिका

“मे महिन्यात जाऊ!” सगळे एका सुरात ओरडले. पण थांबा. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पावसाळा. त्याला स्वाहिली भाषेत ‘मसिका’ म्हणतात. कच्च्या रस्त्यांवर चिखल होतो, गवत उंच वाढतं आणि त्यात प्राणी दिसत नाहीत. जूनपासून छान कोरडे दिवस सुरू होतात, पण तेव्हा आपली शाळा उघडते. उरली दिवाळीची सुट्टी. नोव्हेंबर-डिसेंबरात ‘वूली’ नावाचा छोटा पाऊस येतो. म्हणजे दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तम, नाहीतर सोबत छत्री घ्यायची.

पावसाला एवढं महत्त्व का? कारण सेरेंगेटीच्या माळरानावर प्राणी गवतामागे चालतात आणि गवत पावसामागे. विल्डबीस्ट नावाचे दहा लाखांहून अधिक प्राणी आणि त्यांच्याबरोबर लाखो झेब्रे वर्षभर एक मोठं वर्तुळ चालत असतात. हा विल्डबीस्ट दिसतो म्हशीच्या भावासारखा, पण आहे हरणांच्या जवळचा. फेब्रुवारीच्या सुमाराला दक्षिणेकडे त्यांची वासरं जन्मतात, तीही थोड्याच आठवड्यांत लाखोंनी. गंमत म्हणजे त्यामुळेच ती वाचतात. एकाच वेळी इतकी वासरं असली की सिंह आणि तरस खाऊन खाऊन खाणार किती? जुलै ते ऑक्टोबर हे कळप उत्तरेला मारा नदीपाशी असतात. तिथल्या पाण्यात मगरी वाट बघत असतात. पाऊस येऊ लागला की कळप पुन्हा दक्षिणेकडे वळतात.

पालकांसाठी एक सांगणं. “अमुक तारखेला कळप नदी ओलांडताना नक्की दाखवू” असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नका. ती तारीख विल्डबीस्टलाही ठाऊक नसते.

मग नकाशा आणि पट्टी

आम्ही दहा दिवस धरले आणि फळ्यावर लिहिलं :

पहिला आणि दुसरा दिवस : मोशी गाव, किलिमांजारोचा पायथा.
तिसरा : तारांगिरे, हत्तींचे कळप.
चौथा : न्गोरोंगोरो.
पाचवा ते सातवा : सेरेंगेटी.
आठवा ते दहावा : झांझिबार आणि परत.

नकाशावर बोटभर दिसणारा अरुशा ते सेरेंगेटी हा रस्ता जीपनं जवळजवळ अख्खा दिवस खातो. म्हणून वाटेत मुक्काम हवेतच.

तारांगिरेत जाड बुंध्याची बाओबाब झाडं दिसतील. आपण त्यांना गोरखचिंच म्हणतो. आपल्याकडं दिसणारं हे झाड मूळचं आफ्रिकेचंच, बरं का! न्गोरोंगोरो म्हणजे लाखो वर्षांपूर्वी खचलेल्या ज्वालामुखीचं सुमारे 600 मीटर खोल कुंड. त्याच्या तळाशी गेंडे, सिंह आणि हत्ती राहतात.

बर्फाचा गट मात्र हिरमुसला. किलिमांजारो 5,895 मीटर उंच. चढून उतरायला पाच ते आठ दिवस लागतात. तेवढ्यात आपली सहलच संपेल! तेव्हा शिखर पायथ्यावरूनच बघायचं, तेही भल्या सकाळी, ढग यायच्या आत. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ बर्फ कसं? तर जसजसं वर जावं तसतशी हवा थंड होते. पण 1912 पासून तिथलं चार पंचमांशाहून जास्त बर्फ गेलं आहे. “मग आम्ही मोठे होईपर्यंत राहील का?” एका मुलीनं विचारलं. वर्ग गप्प झाला. मोशीचे दोन दिवस कमी करायला मग कुणीच तयार होईना.

झांझिबारला निळा समुद्र आहे, लवंगांच्या बागा आहेत आणि स्टोन टाउन हे जुनं दगडी शहर आहे. इथंच पूर्वी माणसांचा बाजार भरायचा, गुलामांचा. तो 1873 साली बंद झाला. त्या जागी आज चर्च उभं आहे. समुद्रात डुंबण्याआधी आईबाबांबरोबर तिथं जरूर जा.

सकाळी दोन वाजता!

स्वाहिली माणूस म्हणाला, “सकाळी दोन वाजता गाडी येईल,” तर मध्यरात्री उठून बसू नका. तिथं दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आणि आपले आठ म्हणजे त्यांचे दोन. विषुववृत्ताजवळ सूर्य बाराही महिने सहाच्या सुमारास उगवतो, म्हणून हा हिशेब जमतो. भाषेचीही भीती नको. चहाला ‘चाय’, चपातीला ‘चपाती’, दुकानाला ‘दुका’ आणि गाडीला ‘गारी’ म्हणतात. ‘सफारी’ म्हणजे नुसता प्रवास, आणि आभार मानायला ‘असांते’!

निघण्यापूर्वी

मलेरियाच्या गोळ्या आणि लसींबद्दल डॉक्टरांना महिनाभर आधी विचारा. पीतज्वराच्या लशीचा दाखला लागत असेल, तर तो लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, तिथं त्यांवर 2019 पासून बंदी आहे. जंगलात जीपमधून उतरायचं नाही की आरडाओरडा करायचा नाही. आणि मासाई लोकांचा फोटो त्यांना विचारूनच काढायचा. ती माणसं आहेत, देखावा नव्हे.

शेवटी मी फळ्यावर प्रश्न लिहिला : एक दिवस कमी झाला, तर काय गाळाल? तास संपला तरी भांडण चालूच होतं. सिंहांच्या गटातला एक मुलगा शेवटी म्हणाला, “सेरेंगेटीचा एक दिवस काढा. सिंह पुढच्या वेळीही असतील. बर्फाचं काही सांगता येत नाही.”

तुम्ही काय गाळाल? घरी सगळ्यांनी मिळून ठरवा आणि मग त्याच कागदामागे तुमच्या पुढच्या खऱ्या सहलीची आखणी करा. ती दहा किलोमीटरवरच्या किल्ल्याची असली तरी चालेल.