यंत्रांचा घणघणाट आणि शेतकऱ्याचा कान

शेतीच्या कामांत कानाचा उपयोग किती होतो, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. गोठ्यांतील गाय अवेळीं कां हंबरली, विहिरीवरील पंप पाणी ओढतो आहे कीं नुसताच फिरतो आहे, इंजिनाच्या चालींत कांहीं बिघाड आहे काय, हें अनुभवी शेतकरी डोळ्यांनीं पाहण्यापूर्वींच कानानें ओळखतो. लिलावांत पुकारलेला भावही कानानेंच घ्यावयाचा असतो. असें असूनही हें इंद्रिय आपल्याकडे फार उपेक्षित राहिलें आहे. बैल लंगडूं लागला तर त्याच दिवशीं इलाज सुरू होतो. परंतु घरच्या कर्त्या पुरुषास कमी ऐकूं येऊं लागलें, तर ‘वय झालें’ एवढें म्हणून तो विषय संपविला जातो. वस्तुतः कानाचे कित्येक विकार बरे होण्याजोगे आहेत. आणि यंत्रांच्या आवाजानें येणारा जो बहिरेपणा बरा होत नाहीं, तो टाळतां येण्याजोगा आहे. हा भेद वाचकांच्या ध्यानांत यावा, म्हणून प्रथम कानाची रचना थोडक्यांत सांगतों.

बाहेरची पाळी व तिच्यापासून आंत जाणारी सुमारें १ इंच लांबीची नळी मिळून बाह्यकर्ण होतो. नळीच्या शेवटीं एक पातळ पडदा ताणून बसविलेला असतो. ध्वनीच्या लहरी त्यावर आदळल्या म्हणजे तो डफाच्या कातड्याप्रमाणें कंप पावतो. पडद्यापलीकडे मध्यकर्णाची पोकळी असून तींत हातोडा, ऐरण व रिकीब या आकारांचीं तीन इवलीं हाडें एकमेकांस सांधलेलीं असतात. रिकिबीचें हाड जेमतेम ३ मिलिमीटर लांब असून मनुष्यदेहांतील सर्वांत लहान हाड तेंच होय. पडद्याचें क्षेत्रफळ रिकिबीच्या तळाच्या सुमारें १७ पट असल्यामुळें, पडद्यावर पसरलेला जोर त्या लहानशा तळाशीं एकवटतो व पुढील द्रव हालविण्यास पुरेसा होतो.

हा द्रव अंतःकर्णांत असतो. तेथें गोगलगाईच्या शंखासारखी सुमारें पावणेतीन वेढ्यांची नळी आहे. ती उलगडली तर ३५ मिलिमीटरांच्या आसपास भरेल. या नळीच्या लांबीभर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतु धारण करणाऱ्या पेशींच्या रांगा असतात. आल्फोन्सो कोर्ती या इटालियन शास्त्रज्ञानें १८५१ सालीं या भागाचें वर्णन प्रसिद्ध केलें. द्रवांत लाट उठली कीं पेशींचे तंतु वांकतात, आणि तो इशारा मज्जातंतूंमार्फत मेंदूकडे जातो. नळीच्या सुरुवातीच्या भागांत बारीक, चढे स्वर ग्रहण केले जातात, तर आंतल्या टोकाकडे जाड, खर्जातले. ही लाट नळींतून कशी पुढें सरकते याच्या शोधाबद्दल गेओर्ग फॉन बेकेशी यांस १९६१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

एका कानांत या केशयुक्त पेशी सुमारें १५ हजार असतात, आणि जन्मतः जेवढ्या मिळतात तेवढ्याच जन्मभर पुरवावयाच्या असतात. पीक बुडालें तर दुबार पेरणी करतां येते. या पेशींची दुबार पेरणी नाहीं. कोंबडीसारख्या पक्ष्यांच्या कानांत नष्ट झालेल्या पेशींच्या जागीं नव्या उत्पन्न होतात, असें १९८८ सालीं दिसून आलें. परंतु मनुष्यास ती देणगी लाभलेली नाहीं.

आतां विकारांकडे वळूं. बाह्य व मध्य भागांतील बहुतेक दुखणीं उपायानें बरीं होणारीं आहेत. मळ घट्ट होऊन नळी बुजली तर कमी ऐकूं येतें. डॉक्टरांकडून तो काढविला कीं ऐकणें पूर्ववत् होतें. मळ हा मूळचा कानाचा रक्षक असून तो आपोआप बाहेर सरकत असतो. आगपेटीची काडी किंवा किल्ली घालून कान कोरल्यानें मळ उलट आंत दाबला जातो व कधीं पडदाही फाटतो. लहान मुलांत घसा व मध्यकर्ण यांस जोडणारी नळी आंखूड व आडवी असल्यामुळें सर्दीपडशाचा दोष लवकर कानांत शिरतो. कान ठणकतो, पू होतो व पडद्यास भोंक पडून कान वाहूं लागतो. अशा कानांत तेल किंवा झाडपाल्याचा रस ओतूं नये. कान कोरडा ठेवून मुलास वेळीं डॉक्टरांकडे न्यावें. राहिलेलें भोंक शस्त्रक्रियेनें बुजवितां येतें.

अंतःकर्णाच्या पेशी मेल्या म्हणजे मात्र गोष्ट निराळी. वार्धक्यानें त्या कमी होतातच. परंतु सततच्या मोठ्या आवाजानें त्या अकालीं मरतात. ही गोष्ट नवी नाहीं. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें १७१३ सालीं व्हेनिस येथील तांबटांविषयीं लिहितांना, ठोकाठोकीच्या नादानें त्यांस कमी ऐकूं येतें व म्हातारपणीं ते पुरे बहिरे होतात, असें नमूद केलें आहे. पुढें १८८६ सालीं ग्लासगो येथील डॉक्टर टॉमस बार यानें बाष्पपात्रें बनविणाऱ्या कामगारांचे कान तपासून तोच निष्कर्ष काढला. तांबटाच्या हातोडीची जागा आतां आपल्या शेतांत ट्रॅक्टर, मळणीयंत्र व कडबाकुट्टी यांनीं घेतली आहे.

ध्वनीची तीव्रता डेसिबल या मापानें मोजतात. साधें बोलणें ६० डेसिबलांच्या आसपास असतें. अमेरिकेंतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेनें ८५ डेसिबलांच्या आवाजांत दिवसास ८ तासांपेक्षां अधिक राहूं नये असें ठरविलें आहे. पुढें दर ३ डेसिबलांस ही मुदत निम्मी होते: ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला अवघीं १५ मिनिटें. बंद केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशीं ९० ते १०० डेसिबल आवाज असूं शकतो. त्यावर नांगरटीचा सबंध दिवस काढणारा तरुण आपला कान किती वेगानें खर्ची घालीत आहे, हें वाचकांनींच पाहावें. त्यांतच इंजिनावर मात करण्यासाठीं कित्येकजण मोठ्यानें गाणीं लावतात. हें तर दुखण्यावर डागणी होय.

या बहिरेपणाचें वैगुण्य असें कीं, तो न दुखतां येतो. प्रथम चढे स्वर जातात. मग बोलणें ऐकूं येतें, पण उमगत नाहीं. कारण स्वर कळतात आणि त, स, श यांसारखीं व्यंजनें निसटतात. ‘वीस’ कीं ‘तीस’ हें कळेनासें झाल्यावर व्यापाऱ्यापुढें शेतकऱ्याची काय अवस्था होईल? मागून येणाऱ्या वाहनाचा इशारा, यंत्राजवळील सोबत्याची ‘थांब’ अशी हांक, नातवंडांचे बोबडे बोल हें सर्व हळूहळू हरपतें, आणि मनुष्य चारचौघांत बसणें टाळूं लागतो.

यावर उपाय स्वस्त आहेत. हातभर अंतरावरील माणसाशीं ओरडून बोलावें लागत असेल, तर तेथील आवाज घातक समजावा. अशा ठिकाणीं फोमचे बोळे कानांत नीट दाबून बसवावे, किंवा कान झांकणारे टोप वापरावे. साध्या कापसानें फारसें रक्षण होत नाहीं. मळणीयंत्राजवळ काम करणारे मजूर व बाया यांसही बोळे द्यावे. सायलेन्सर फाटला असल्यास त्वरित बदलावा. कामानंतर कानांत गुणगुण राहिली, तर ती धोक्याची सूचना मानून कान तपासवून घ्यावा. केंद्र सरकारनें २००६-०७ सालापासून बहिरेपणा-प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला आहे. तसेंच मुंबईस वांद्रे येथें १९८३ पासून अली यावर जंग यांच्या नांवानें श्रवणदोषांची राष्ट्रीय संस्था आहे. गेलेल्या पेशी श्रवणयंत्रानें परत येत नाहींत. तथापि उरलेल्यांचा चांगला उपयोग होतो, म्हणून तें लावण्यांत कमीपणा मानूं नये.

कारखान्यांतील आवाजावर कायद्याची देखरेख आहे. शेतावर मात्र ज्याचा त्यानेंच निरीक्षक व्हावयाचें आहे. पुढील हंगामीं यंत्रास तेल-वंगण घालतांना, तें चालविणाऱ्याच्या कानाचीही व्यवस्था करावी, एवढीच आमची वाचकांस आग्रहाची विनंती आहे.